समुद्र शेजारी आहे म्हणून काय झालं?

घरी कुणीही आलं की माझ्या मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसमोर उभं राहून तेच सुरू: "अरे, मीठ कसलं विकत आणतोस? गिरगाव चौपाटीवरून दोन बादल्या भरून आण की!" डोकंच फिरतं माझं. त्या किनाऱ्याला शहराचं सांडपाणी येतं, गाळ येतो, पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरतो. प्रवाळांना हे असलं काही चालत नाही. त्यांना लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार लागतात, आणि तेही रोज तेवढेच.

ते रोज तेवढेच ठेवायचे कसे, हे मात्र कुणी विचारत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात पाणी गार ठेवायला वर पंखा लावला, की ते भराभर उडतं. उडतं नुसतं पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. नळाचं तर नकोच, त्यात क्लोरीन असतं.

आणि काही दुकानदार! टँक घेतला त्याच दिवशी क्लाउनफिश गळ्यात मारतात. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजायला महिनाभर तरी लागतो, हे सांगायला यांची जीभ रेटत नाही. मासा वरवर येऊन धापा टाकत मेला, की "पाण्यात काहीतरी असेल" म्हणून हात वर, आणि लगेच दुसऱ्या माशाची पिशवी पुढे. अहो, जीव आहे तो!