लांडग्यांच्या नावावर कारखाना चालवू नका

गेल्या रविवारी भाचा जेवायला आला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं टॉवेलचं युनिट आहे, चाळीसेक माणसं कामाला. हात धुता धुता म्हणाला, "मावशी, मास्तरला घरी बसवलं." मास्तर म्हणजे त्याच्या वडिलांच्या वेळचा जॉबर, मागांची देखभाल करणारा. नुसत्या आवाजावरून मागात काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. त्याचा गुन्हा काय? ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे सारखे तुटतायत, हे सूत परत पाठवा, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. "सगळ्यांसमोर बोलला म्हणजे आव्हानच दिलं की. आज सोडलं तर उद्या सगळे डोक्यावर बसतील." आणि पुरावा म्हणून भाच्याने मोबाइल माझ्यासमोर धरला.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. बर्फातून एका ओळीत चाललेल्या लांडग्यांचा फोटो आणि खाली उद्योजकांसाठी धडे. सगळ्यात पुढे तीन म्हातारे-आजारी लांडगे, त्यांच्यामागे पाच तगडे, मग बाकीचा कळप, पुन्हा पाच तगडे, आणि सगळ्यात शेवटी एकटा चालतो तो 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, मागून सगळ्यांवर नजर ठेवणारा. पुढचे धडे असे : अल्फा लढून जागा मिळवतो आणि धाकावर टिकवतो, म्हणून उलट बोलणाऱ्याला लगेच बाहेर काढा. माणसाच्या आत सरपटणाऱ्या प्राण्याचा मेंदू आहे, त्याला फक्त भीती आणि लालूच कळते. दीडशेच्या वर माणसं कुणालाच सांभाळता येत नाहीत. पुरुष शिकारी आणि बायका कंदमुळं गोळा करणाऱ्या, म्हणून देखरेखीचं काम पुरुषाकडेच ठेवा. आणि या सगळ्याला नाव दिलंय 'उत्क्रांतीचं मानसशास्त्र'.

मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. माझ्या विषयाचं नाव घेऊन एका माणसाची रोजीरोटी काढून घेतली, तेव्हा गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी फोटो. तो खरा आहे, कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातला. २०११ च्या बीबीसीच्या एका मालिकेच्या वेळी चॅडन हंटर यांनी तो काढला. पंचवीस लांडगे रानगव्यांच्या मागावर निघालेत. पुढे म्हातारे नाहीत, आजारी नाहीत. पुढे आहे कळपातली प्रमुख मादी. खोल बर्फात ती वाट पाडते आणि बाकीचे तिच्या पावलांवर चालतात, म्हणजे सगळ्यांचीच दमछाक कमी होते. मेसेजवाल्याने फोटो तसाच ठेवला आणि अर्थ नेमका उलटा केला. सगळ्यात जास्त कष्ट उपसणारी सगळ्यात पुढे आहे.

आता अल्फा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मास्तर ज्याच्यामुळे घरी बसला तो धडा हाच.

१९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. ते प्राणी लहानशा जागेत एकत्र ठेवलेले होते. पळून जायला वाट नाही, वेगळं घर करायला रान नाही. मग मारामाऱ्या होणारच, आणि त्या मारामाऱ्यांतून वर आलेल्या जोडीवरून 'अल्फा'ची कल्पना पुढे रुजली. अमेरिकेतले लांडग्यांचे नामवंत अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात तीच मांडली आणि जगभर पसरली ती तिथून.

पण मेक तिथे थांबले नाहीत. कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समियर नावाचं बेट आहे. १९८६ पासून दर उन्हाळ्यात ते तिथे जाऊन मोकळ्या रानातल्या लांडग्यांजवळ राहिले. तेरा उन्हाळे. आणि १९९९ मध्ये कॅनेडियन जर्नल ऑफ झूऑलॉजीत त्यांनी स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची गेल्या एक ते तीन वर्षांतली पिल्लं. ज्यांना आपण अल्फा म्हणत होतो ते पिल्लांचे आईबाप आहेत. त्यांनी लढून गादी मिळवलेली नाही, त्यांना पिल्लं झाली आणि पिल्लं त्यांच्या मागे चालतात, एवढंच. वयात आलेली पिल्लं बापाला हाकलून राजा होत नाहीत, निघून जातात आणि आपलं वेगळं बिऱ्हाड थाटतात. अशा लांडग्याला अल्फा म्हणणं माणसाच्या आईबापाला अल्फा म्हणण्याइतकंच चुकीचं, असं मेक यांनीच लिहिलंय. आपला जुना ग्रंथ छापणं थांबवा म्हणून ते वर्षानुवर्षं प्रकाशकाच्या मागे लागले होते. २०२२ मध्ये तो छापणं बंद झालं. ज्याने ही कल्पना जगभर नेली त्याने स्वतः ती मागे घेतली, आणि आपण सोलापुरात ती आज नव्याने वाटतोय.

लांडगे बघायला कॅनडात जायचीही गरज नाही. सोलापूरजवळच्या आपल्या नान्नजच्या माळावर ते आहेत. तिथल्या धनगरांना विचारा, लांडग्याची जोडी पिल्लांना कशी भरवते ते सांगतील. पिल्लांसाठी पोटातून अन्न आणून ओकणारा तो नर. त्याच्याकडून धाक कसा घालायचा ते शिकणार?

बरं, लांडगा नको, आपल्या जवळचा चिंपांझी घेऊ. वानरांचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात वर्षानुवर्षं चिंपांझींचं राजकारण पाहिलं. तिथेही एकट्याच्या ताकदीवर कुणी टिकत नाही, जोडीदार लागतात, माद्यांचा पाठिंबा लागतो. भांडणात दुबळ्याची बाजू घेणाऱ्याला, भांडण सोडवणाऱ्याला मान मिळतो. १९८० मध्ये तिथला लुइट नावाचा ताकदवान नर मेला तो दोन नरांनी मिळून केलेल्या हल्ल्यात. एकेकटा त्यांतला कुणीही त्याला भारी पडला नसता.

सरपटणाऱ्या प्राण्याच्या मेंदूबद्दल फार लिहीत नाही. मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांची ती जुनी मांडणी, घरावर मजले चढवावेत तशी मेंदूत थरावर थर चढले अशी. मेंदूची उत्क्रांती तशी होत नाही, हे मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी केव्हाच मान्य केलंय. सरड्याच्या आणि आपल्या मेंदूचे मूळ भाग तेच, फक्त त्यांची वाढ वेगळी.

दीडशेचा आकडा मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा, १९९२ चा. माणूस किती जणांशी नातं सांभाळू शकतो, याचा वानरकुळातल्या प्राण्यांच्या मेंदूवरून काढलेला अंदाज. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा मांडलं तेव्हा उत्तर इतकं पसरट आलं की एक ठाम आकडा सांगणंच चूक, असं त्यांना म्हणावं लागलं. चाळीस माणसांच्या कारखान्याला त्याचा तसाही उपयोग नाही.

बायकांचा मुद्दा मात्र सोडणार नाही. पेरूच्या डोंगरात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं एका तरुणीचं दफन सापडलं, शिकारीच्या हत्यारांसह. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. फिलिपीन्समधल्या आग्ता समाजात बायका शिकारीला जातात, हे अभ्यासकांनी स्वतः पाहून लिहिलंय. आणि हे काहीच सापडलं नसतं तरी? ज्या शहरात विड्या वळून बायकांनी घरं उभी केली, पोरं शिकवली, तिथे बाईला देखरेख जमत नाही हे कुणी कुणाला सांगायचं? भाच्याच्या शिलाई विभागात बायकाच आहेत. त्यांच्यावर नेमलेल्या पोराला शिलाईतलं काही कळत नाही, हे त्याने स्वतःच मला सांगितलं होतं.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. या विषयात सगळंच खोटं नाही. १९९८ मध्ये लंडन बिझनेस स्कूलच्या नायजेल निकल्सन यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये व्यवस्थापकांसाठी यावर लिहिलं होतं. माणूस हजारो वर्षं लहान टोळ्यांत घडला, त्यामुळे ओळखीच्या लहान गटात तो मोकळेपणाने काम करतो, मिळवण्यापेक्षा गमावण्याची त्याला जास्त धास्ती असते. एवढं पटण्यासारखं आहे. माझी तक्रार आहे ती यातून धाकाचा परवाना काढणाऱ्यांशी. कारण खरोखर पूर्वजांचाच दाखला द्यायचा असेल तर तो उलटा जातो. कलहारी वाळवंटातल्या शिकारी टोळ्यांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली राहिले होते. तिथे कुणी मोठी शिकार आणली की बाकीचे तिला नावं ठेवतात : हाडंच हाडं आहेत, कशाला ओढून आणलीस. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितलं, तरुण पोराला मोठी शिकार मिळाली की तो स्वतःला मुखिया समजायला लागतो, आम्हाला नोकर समजतो, म्हणून त्याचं डोकं आधीच थंड करतो. त्यांच्याच विषयातले क्रिस्टोफर बोम यांनी अशा कित्येक समाजांच्या नोंदी तपासून १९९९ मध्ये दाखवलं की वरचढ होऊ पाहणाऱ्याला सगळे मिळून आवरतात. चेष्टा करून, ऐकणं सोडून, शेवटी साथ सोडून. मालकासमोर तोंड उघडणारा मास्तर हा त्या जुन्या माणसांचा खरा वारस आहे.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. बराच वेळ तो ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "पण मावशी, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं त्याने." मी विचारलं, "सूत तुटत होतं का नव्हतं?"

"तुटत होतं. आत्ताही तुटतंय."

पूर्व भागातलं मास्तरचं घर मला माहीत आहे. उद्या संध्याकाळी आम्ही दोघं तिथे जाणार आहोत.