सहावी ते आठवीची पुस्तके शेजारीशेजारी ठेवून वाचल्यावर

शालेय शिक्षणावरची आपली चर्चा बहुधा दोन टोकांना चालते. एक तर तिसरीच्या मुलाला धड वाचता येते की नाही यावर, नाही तर दहावीला किती टक्के पडले यावर. मधली तीन वर्षे, म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी, कुणाच्या खिजगणतीत नसतात. बोर्डाला अजून अवकाश आहे म्हणून पालक निर्धास्त असतात आणि मूल लहान राहिले नाही म्हणून त्याच्या वह्या उघडून पाहणेही हळूहळू थांबते. माझी मुलगी यंदा आठवीत आहे. तिच्या निमित्ताने बालभारतीची या तिन्ही इयत्तांची बहुतेक पुस्तके मी वाचली, आणि वाचताना माझे मत असे झाले की ही पुस्तके आपण पालक समजतो त्यापेक्षा बरीच चांगली आहेत. त्यांतले बरेच धडे एकमेकांना पूरक आहेत. मात्र शाळेचा दिवस ज्या पद्धतीने तासांत, वह्यांत आणि चाचण्यांत विभागला जातो, त्यात ही पूरकता मुलांच्या हाती जवळजवळ लागतच नाही.

आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा पाठ आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. आता मुंबई साधारण ७३° पूर्व रेखावृत्तावर आहे असे धरून प्रमाणवेळेनुसार दुपारचे बारा वाजले असता तिथली स्थानिक वेळ किती, असे उदाहरण मुलीला घालून पाहिले. साडेनऊ अंशांचा फरक, गुणिले चार, म्हणजे अडतीस मिनिटे. उत्तर अकरा वाजून बावीस मिनिटे. सातवीच्या गणितात समप्रमाण शिकलेल्या मुलाला हे तोंडी यायला हवे. मी तिला तसे सुचवले, तर ती म्हणाली, "बाबा, हे भूगोलाचं आहे, गणिताचं नाही. आम्हाला सूत्र दिलंय." तिने सूत्र लिहिले, किमती घातल्या, उत्तर बरोबर आणले. तिच्या लेखी मात्र त्या उत्तराचा गणिताशी काडीचाही संबंध नव्हता.

याच उदाहरणाचा एक धागा तिच्या इतिहासाच्या पुस्तकापर्यंत जातो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. प्रमाणवेळ आपल्याकडे १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. वंगभंगाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. मुंबईकरांना ही वेळ सरकारने लादलेली वाटली. शहराची स्वतःची 'बॉम्बे टाइम' होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. (७३ हा पूर्णांकी आकडा न घेता मुंबईचे रेखांश ७२° ५०' धरले, की आपल्या उदाहरणातल्या अडतीस मिनिटांची जवळजवळ एकोणचाळीस होतात.) गिरणी कामगारांनी विरोध केला, फिरोजशहा मेहतांसारख्या मवाळ नेत्यानेही विरोध केला, आणि महापालिकेने आपली जुनी वेळ पुढे चाळीसहून अधिक वर्षे टिकवून धरली. आठवीतले मूल इतिहासाच्या तासाला मवाळ आणि जहाल यांच्यातला फरक पाठ करते, भूगोलाच्या तासाला रेखांश आणि वेळ यांचे सूत्र पाठ करते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच घड्याळाच्या काट्यावरून भांडल्या गेल्या होत्या हे त्याला कुणी सांगत नाही. तसे सांगायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

सातवीचेही तसेच आहे. भूगोलाच्या पुस्तकात शेवटी समोच्चता दर्शक नकाशांचा पाठ येतो: समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा दाट असतील तिथे चढ तीव्र, विरळ असतील तिथे सौम्य. बहुतेक वर्गांत तो वार्षिक परीक्षेच्या तोंडावर घाईघाईत उरकला जातो आणि मुले टेकडी, खिंड आणि पठार यांच्या आकृत्या पाठ करून मोकळी होतात. त्याच वर्षीच्या इतिहासात स्वराज्यस्थापना आहे, जावळीचे खोरे आहे, प्रतापगड आहे. अफजलखानाला वाईसारख्या मोकळ्या मुलखातून जावळीच्या दाट जंगलात आणण्यात शिवाजी महाराजांनी काय साधले, हे सांगायला शब्दांपेक्षा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा अधिक उपयोगी पडतो. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर आणि दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. प्रतापगडाभोवती त्या रेषा इतक्या खेटून येतात की मोठी फौज, तोफा आणि हत्ती घेऊन तिथे कुणी कसे वावरावे हा प्रश्न मूल स्वतःच विचारू लागते. पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले हे वाक्य परीक्षेत हमखास येते. पण किल्ला म्हणजे कोणत्या वाटेवर आणि कोणत्या घाटावर नजर, हे नकाशावर पाहिलेल्या मुलालाच त्या २३ या आकड्याचे वजन कळेल. अडचण इतकीच आहे की इतिहासातला तो भाग आधी शिकवून होतो आणि नकाशांचा पाठ पार शेवटी येतो. दोन्ही शिक्षकांनी जूनमध्ये पाच मिनिटे बोलून घेतले, तर ही अडचण उरत नाही.

गणित आणि इतिहास यांची सांगड तर मला सगळ्यांत धारदार वाटते. सातवीत सरळव्याज आणि आठवीत चक्रवाढव्याज. दोन्हीकडे बँक, मुद्दल, मुदत, रास, आणि उदाहरणांतली माणसे कर्ज काढतात ती सहसा मुकाट्याने फेडूनही टाकतात. आठवीच्या इतिहासात मात्र ब्रिटिश काळातला सावकारी पाशात अडकलेला शेतकरी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले करून कर्जखते जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. ते कर्जखतांवरच का तुटून पडले, हे व्याख्येतून कळत नाही, आकडे मांडल्यावर कळते. समजा, शंभर रुपये द.सा.द.शे. २४ दराने घेतले, म्हणजे बोलीभाषेत शेकड्याला महिना दोन रुपये. सरळव्याजाने चार वर्षांनी १९६ रुपये द्यावे लागतील. तेच व्याज दरवर्षी मुद्दलात मिळवत गेले तर पहिल्या वर्षी १२४, दुसऱ्या वर्षी १५३ रुपये ७६ पैसे, तिसऱ्या वर्षी १९० रुपये ६६ पैसे आणि चौथ्या वर्षाअखेरीस २३६ रुपये ४२ पैसे. मधे एक दुष्काळ पडून हप्ता चुकला, की नवे खत आणि नवी रास. मुलीने हा तक्ता स्वतः मांडला आणि चौथ्या ओळीनंतर थांबून विचारले, "मग फेडायचं कसं?" इतिहासाच्या पुस्तकातला 'कर्जबाजारी' हा शब्द तिला परीक्षेसाठी पाठ होताच, तो प्रश्न मात्र पहिल्यांदा पडला.

विज्ञानाचे थोडक्यात सांगतो. हवेचा दाब भूगोल मिलिबारमध्ये मोजतो आणि विज्ञान न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. समुद्रसपाटीवरचे सुमारे १,०१३ मिलिबार म्हणजेच सुमारे एक लाख न्यूटन प्रति चौरस मीटर, हे कोणत्याच वहीत शेजारीशेजारी लिहिलेले मला दिसले नाही. सेमी इंग्रजीच्या वर्गांत तर विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून, त्यामुळे एकाच हवेची दोन वह्यांत दोन भाषांतली दोन प्रकरणे होतात. हिंदी आणि इंग्रजी या भाषांबद्दल मला विशेष तक्रार नाही. मराठीबद्दल मात्र एक आहे. पत्रलेखनात मुले 'पाणीपुरवठा अनियमित असल्याबद्दल तक्रार' वर्षानुवर्षे लिहितात, आणि सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांची कामे सविस्तर दिलेली असतात. तरीही पत्राचा मायना बहुधा 'मा. आयुक्त' असाच असतो, मग मूल तालुक्याच्या खेड्यात का राहत असेना. आपल्या गावात त्या पत्राचा खरा धनी कोण, हे ठरवून मग पत्र लिहायला सांगितले, तर नागरिकशास्त्राच्या एका पानाला कायमचा अर्थ येईल.

यात दोष शिक्षकांचा आहे असे मला म्हणायचे नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, भरलेला वर्ग, निवडणुकांपासून सर्वेक्षणांपर्यंतची अशैक्षणिक कामे आणि वेळेत संपवायचा अभ्यासक्रम, यांतून ते काय काय सांभाळतात हे मी जवळून पाहिले आहे. शिवाय ही विभागणी काही अंशी कायद्यातच आहे आणि ती योग्यही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक असावेत, वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन व्हावे असे ठरवले. विषय जाणणारा शिक्षक मिळणे हा मुलांचा हक्क आहे. गंमत अशी की जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत, जिथे एकच गुरुजी इतिहास, भूगोल आणि वेळ पडली तर गणितही शिकवतात, तिथे हे धागे आपसूक जुळण्याची शक्यता अधिक असते. शहरातल्या मोठ्या शाळेत सात विषयांना सात बाई आणि सर असतात आणि कोण कुठवर पोहोचले हे कुणालाच ठाऊक नसते.

पुस्तके एकत्र बांधून हा प्रश्न सुटेल असेही मला वाटत नाही. २०२३-२४ पासून आपल्याकडे दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत आली, एका भागात सगळे विषय, सोबत नोंदींसाठी कोरी पाने. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता आणि तो चांगलाच होता. कोरी पाने २०२५ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. एका बांधणीत आल्यामुळे इतिहास आणि गणित यांची ओळख झाली असा अनुभव मला तरी आला नाही, कारण तास, वही आणि चाचणी वेगळीच राहिली. एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी सामाजिक शास्त्रांचे एकत्रित पुस्तक काढले, ते पाऊल मला अधिक विचारपूर्वक टाकलेले वाटते. पण त्यातही गणित आणि विज्ञान कुंपणाबाहेरच आहेत.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. जूनमध्ये प्रत्येक शिक्षक आपल्या विषयाचे वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन लिहितोच. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जाण्यापूर्वी एका इयत्तेची सगळी नियोजने शिक्षकखोलीतल्या एका टेबलावर मांडावीत आणि प्रत्येक सत्रात एकच जागा शोधावी, जिथे दोन किंवा तीन विषय एकमेकांना भेटतात. पाठांचा क्रम तेवढ्यापुरता पुढेमागे करावा. आकारिक मूल्यमापनातले, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनातले, जे प्रकल्प आज स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यांवरची चित्रे कापून चिकटवून पुरे होतात, आणि जे रात्री अकराला बहुतेक आईच पुरे करते, त्यांच्याऐवजी त्या जागेवर एक सामाईक प्रकल्प द्यावा: सातवीला आपल्या जिल्ह्यातला एक किल्ला किंवा डोंगर समोच्च रेषांसह, आठवीला एक कर्जखत व्याजाच्या तक्त्यासह. अशा प्रकल्पाचे गुण कोणत्या विषयात धरायचे, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत सर्वांत आधी येईल हे मला माहीत आहे. त्याचेही उत्तर अवघड नाही. नकाशाचे गुण भूगोलाच्या बाईंनी द्यावेत, हिशेबाचे गणिताच्या सरांनी, आणि त्या पानाखालच्या चार ओळी शुद्ध मराठीत आहेत की नाहीत ते मराठीच्या बाईंनी पाहावे.