‘युनिव्हर्सिटीला टाळं लावा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

पावसाळा सुरू झाला की तो मेसेज येतोच, यंदाही आलाय. "फ्लूची साथ आहे, युनिव्हर्सिटी आठ दिवस बंद करून पोरांना घरी पाठवा, सगळ्यांना टॅमीफ्लू (फ्लूच्या विषाणूवरची गोळी) वाटा, लस घेऊ नका लसीनेच फ्लू होतो, आणि घाबरू नका, तरुण पोरांना काही होत नसतं." अहो, काहीच होत नसेल तर टाळं कशाला लावायचंय? असो, एकेक बघू.

आधी टाळं. फ्लूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 1 ते 4 दिवस लागतात आणि ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. म्हणजे आज ठणठणीत दिसणारा पोरगा स्वारगेटवरून सोलापूरच्या एसटीत बसणार, बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद, पाच-सहा तास तीच हवा, आणि घरी दम्याची आजी. हॉस्टेलची साथ आपण स्वतःच घरपोच पाठवली की! आणि ईशान्येकडची, परदेशातली पोरं कुठे जाणार? ती राहतात हॉस्टेलवरच, फक्त मेस बंद.

"पण 2009 ला पुण्यात बंद केलंच होतं ना?" केलं होतं. 3 ऑगस्टला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि मग आठवडाभर शाळा-कॉलेजं बंद. तेव्हा विषाणू नवा, त्यावरची लस आलेली नाही, लोक घाबरलेले, समजू शकतो. दरवर्षीच्या फ्लूला तोच उपाय कशाला? त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत टर्म सुरू होताहोताच दोन हजारांवर विद्यार्थ्यांना फ्लूची लक्षणं दिसली, तरी वर्ग चालू राहिले, आजारी पोरांनी खोलीत थांबायचं एवढंच सांगितलं.

आता खोलीत थांबायचं म्हणजे काय ते आपल्याकडे नीट बघा. एका खोलीत तीन कॉट, मधे हातभर जागा. ताप आलेला पोरगा दुपारी ताट घेऊन मेसच्या लाइनीत उभा, कारण डबा वर न्यायला परवानगी नाही, आणि भाजीचा डाव सगळ्यांच्या हातातून फिरतोय. दुसऱ्या दिवशी अंगात ताप असताना पॅरासिटामॉल घेऊन प्रॅक्टिकलला हजर, कारण 75 टक्के अटेंडन्स नाही भरला तर टर्म ग्रँट होत नाही आणि मेडिकल सर्टिफिकेट आणायला परत दवाखान्याची लाइन. माझ्या मते साथ इथेच पसरते. युनिव्हर्सिटीने तयारी करायची ती जूनमध्येच आणि ती फार खर्चाची पण नाही: चार-पाच खोल्या रिकाम्या ठेवा, दारापाशी खिचडीचा डबा पोचवा, थर्मामीटर द्या, गोळी न घेता 24 तास ताप नसेल तेव्हाच वर्गात या म्हणून सांगा आणि त्या दिवसांची हजेरी सर्टिफिकेट न मागता धरा. यातलं काही केलेलं नसलं की मग टाळं आठवतं.

टॅमीफ्लू सगळ्यांना? नको. सरकारच्या गाइडलाइनमध्ये पेशंटचे ए, बी, सी असे गट आहेत. साधा ताप-खोकला म्हणजे ए, त्याला टॅमीफ्लूही नको आणि टेस्टही नको, घरी आराम. दमा, डायबेटिस, गरोदरपण असं काही असेल तर तो बी, त्याला डॉक्टर गोळी देतात आणि ती पहिल्या 48 तासांत सुरू झाली तर जास्त फायदा. म्हणून हेल्थ सेंटरकडे अशा पोरांची यादी आधीच हवी. अँटिबायोटिक तर मुळीच नको, विषाणूवर ते चालत नाही.

लसीनेच फ्लू होतो, हे तर दरवर्षीचं. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, फ्लू होणारच कसा? दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या मधल्या काळात फ्लू गाठतो आणि बिल लसीच्या नावावर फाटतं. लस शंभर टक्के वाचवत नाही हे खरं, चांगल्या वर्षी 40 ते 60 टक्के, पण हॉस्टेलसारख्या गर्दीत तेवढंही पुष्कळ.

राहिलं तरुण पोरांचं. 2009 च्या साथीत जगभर गेलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोक 65 च्या आतले होते असा अंदाज आहे, म्हणजे उलटंच झालेलं. बहुतेक पोरं आठवड्यात बरी होतात, मान्य, पण दम लागला, छातीत दुखलं, ओठ-नखं निळी पडली, पोरगं गुंगीत गेलं किंवा उतरलेला ताप परत चढला तर तो ए गट राहत नाही, सी होतो, लगेच हॉस्पिटल. आणि हे रात्री दोनला झालं तर रूममेटने कोणाला उठवायचं, गेटची किल्ली कोणाकडे, 108 ची गाडी कुठल्या गेटने आत येणार, हे हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लावलंय का, तेवढं उद्या जाऊन बघा.