फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालू नका: सबवूफरच्या ॲम्पबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी सकाळी अक्काच्या मुलाचा फोन आला. "मामा, गाडीत जळाल्यासारखा वास यायलाय. जांबोटीच्या पुढं थांबलोय." मी म्हटलं, आधी इंजिन बंद कर, सगळ्यांना खाली उतरव, बॉनेट उघड आणि १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची काळी वायर काढ. नशिबानं पाना गाडीतच होता. गाडीत अक्का होती, मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी होती.

संध्याकाळी गाडी माझ्या दारात आली. डिकीतलं कार्पेट उचललं तर बॅटरीपासून ॲम्पकडे (सबवूफरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) येणारी लाल वायर मऊ होऊन कार्पेटच्या धाग्यांना चिकटलेली. ओढली तर आवरण हातात आलं आणि आतली तार उघडी पडली. ॲम्पच्या मागं जिथं ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज असायला हवा, तिथं तांब्याच्या तारांचा पीळ घातलेला. बॅटरीजवळच्या होल्डरमध्ये ८० अँपिअरचा फ्यूज. "हे कुणी सांगितलं तुला?" असं विचारल्यावर त्यानं मोबाइल पुढं केला.

"सबवूफरचा ॲम्प बदलताय? दुकानदार सांगणार नाही त्या ७ गोष्टी" असा तो मेसेज. खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरतोय, आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवरही दोनदा आलाय. थोडक्यात त्यातल्या सात गोष्टी अशा: (१) जुन्यापेक्षा दुप्पट वॅटचा ॲम्प घ्या; (२) वूफरच्या कॉइल जोडून २ ओहम (विजेला होणारा रोध) करा आणि ॲम्प ब्रिज करा, पॉवर फुकट दुप्पट होते; (३) फ्यूज उडत असेल तर मोठा घाला; (४) हेडलाइट मिचकत असतील तर कपॅसिटर लावा; (५) कमी पॉवरचा ॲम्प वूफर जाळतो; (६) गेन फुल्ल ठेवा; (७) क्लास डी (ॲम्पच्या आतल्या सर्किटचा एक प्रकार) घेऊ नका, आवाज प्लास्टिकचा येतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. वीस वर्षं पॅनेल, मोटरी आणि जळालेल्या केबली बघतोय. म्हणून तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो. बाकीच्या सहांनी पैसे जातात, तिसऱ्यानं माणसं जातील.

बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो. तो वायरला वाचवायला असतो. बॅटरीतून निघालेली वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, दाराच्या कडेनं, सीटखालून डिकीपर्यंत जाते. एवढ्या वाटेत कुठंही तिचं आवरण घासून पत्र्याला लागलं, तर बॅटरी त्या जागी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज बरोबर असेल तर तो क्षणात वितळतो आणि गोष्ट तिथंच संपते. फ्यूज वायरच्या ताकदीपेक्षा मोठा असेल तर आधी वायर वितळते, आणि ती वितळते कार्पेट, फोम आणि पेट्रोलच्या पाइपच्या शेजारी. म्हणूनच हा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लावायचा असतो आणि त्याचा कमाल आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. ॲम्पची भूक किती, यावरून नाही.

फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. एक तर ॲम्पच्या आतले मॉस्फेट (करंट सोडणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेत, किंवा वूफरची कॉइल गेलीय, किंवा ओहम चुकलेत, किंवा वायर कुठंतरी पत्र्याला टेकलीय. वूफर काढून, आरसीए (डेकमधून, म्हणजे गाडीच्या स्टिरिओतून, सिग्नल आणणारी वायर) काढून, नुसती पॉवर दिली तरी फ्यूज उडत असेल तर ॲम्प आतून गेला. वूफर जोडल्यावरच उडत असेल तर दोष वूफरकडे किंवा जोडणीत. हे शोधायला अर्धा तास आणि साधा मल्टिमीटर पुरतो. भाच्याच्या गाडीत पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेटसुद्धा नव्हतं. कापलेल्या पत्र्याच्या धारेवर वायर सहा महिने घासत होती आणि वर ८० चा फ्यूज. ती वायरही तांब्याची नव्हती. खरवडून बघितलं, वरून तांबूस मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. अशी वायर त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा साधारण दीडपट रोध करते आणि तेवढीच जास्त तापते. बाजारात 'ॲम्प किट' म्हणून जे स्वस्त पाकीट मिळतं, त्यात बहुतेक वेळा हीच असते. विकत घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

हा मुद्दा ज्यानं लिहिला, त्यानं जळालेली गाडी जवळून बघितलेली नाही, एवढंच मी म्हणू शकतो.

आता पहिला मुद्दा, दुप्पट वॅटचा. डब्यावरचा आकडा आणि ॲम्पमधून खरोखर निघणारी पॉवर यांचा काही संबंध असलाच पाहिजे, असं नाही. भाच्याच्या ॲम्पच्या डब्यावर '१८०० वॅट मॅक्स' छापलेलं. मागं फ्यूज एकच, ३० अँपिअरचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. एवढी तर आत जाणारी वीज झाली. क्लास एबीचा (जुन्या पद्धतीच्या सर्किटचा) ॲम्प त्यातले साधारण ६० टक्के स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे हातात अडीचशे वॅट, फार तर थोडे इकडे तिकडे. १८०० कुठून आणणार? दुकानात उभे असतानाच हा हिशेब करता येतो: मागच्या फ्यूजांची बेरीज गुणिले १४.४, मग एबीला ०.६ आणि क्लास डीला ०.८. फ्यूज थोडा ऐसपैस दिलेला असतो, तेव्हा हा आकडा कमाल समजा.

याहून भक्कम आधार हवा असेल तर तो आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशनचं सीटीए-२००६ नावाचं मानक आहे, आधी त्याला सीईए-२००६ म्हणत. २००३ पासून आहे. त्यात गाडीच्या ॲम्पची पॉवर मोजायची अट स्पष्ट आहे: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विकृती व खरखर मिळून १ टक्क्याच्या वर नाही. ही सक्ती नाही, कंपनी आपणहून पाळते. पण ज्या ॲम्पच्या कागदावर हे नाव आहे, त्याचा ३०० म्हणजे ३००. ज्याच्यावर नाही आणि 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' असे शब्द आहेत, त्याचा आकडा विसरून आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, शोधा. आरएमएस कुठंच लिहिलेला नसेल तर डबा परत ठेवा.

आणि खरोखर दुप्पट वॅट मिळाले तरी काय होतं? ३ डेसिबल वाढतात. कानाला 'थोडं वाढलं' एवढंच वाटतं. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दुप्पट ॲम्पचे पैसे खर्च करण्यापेक्षा वूफरचा बॉक्स नीट, हवाबंद आणि वूफरच्या मापाचा करून घेतला तर फरक जास्त पडतो. ॲम्पचा आरएमएस वूफरच्या आरएमएसएवढा किंवा जरा वर, बस्स.

दुसरा मुद्दा भाच्याचा पहिला ॲम्प खाऊन गेला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. त्याच्याकडे १२ इंची वूफर आहे, ४ ओहमच्या दोन कॉइलचा, आरएमएस ३०० वॅट. अशा एका वूफरमधून दोनच गोष्टी निघतात. कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम, एकामागं एक जोडल्या तर ८. चार ओहम निघतच नाहीत. हे ॲम्प घेण्याआधी कळलं पाहिजे, नंतर नाही. त्याचा ॲम्प दोन चॅनेलचा, ब्रिज केल्यावर किमान ४ ओहम असं त्याच्या अंगावरच छापलेलं. ब्रिज करणं म्हणजे दोन चॅनेल एकाच कॉइलला दोन टोकांनी ढकलतात, त्यामुळं प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. २ ओहमचा वूफर ब्रिजवर लावला म्हणजे प्रत्येक चॅनेलला १ ओहम. करंट दुप्पट, उष्णता त्याहून जास्त. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या रात्री दोन तास वाजला आणि गेला. मग त्यानं तसलाच दुसरा ॲम्प आणला, वूफरची जोडणी तशीच ठेवली, आणि पहिल्याच बेसला फ्यूज उडाला. तिथून पुढं मेसेजमधला तिसरा मुद्दा.

यात एक अर्धं सत्य आहे, ते नाकारत नाही. ओहम निम्मे केले की पॉवर जवळजवळ दुप्पट होते, पण फक्त तेवढ्या ओहमला चालेल असं लिहिलेल्या ॲम्पवर. सबवूफरसाठी बनवलेले मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचे ॲम्प, २ ओहमला, काही १ ओहमलाही चालतात. तिथं समांतर जोडा, हरकत नाही. मेसेजमध्ये ही अट गाळली आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

म्हणून माझं सांगणं असं की नवा ॲम्प आणण्याआधी जुना का गेला ते बघा. वूफरच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ४ ओहमची कॉइल मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवते, ते ठीक. १ किंवा त्याखाली दाखवली तर कॉइल शॉर्ट, नवा ॲम्पही जाणार. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय. मग वूफरचा कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून सोडा. खर्र असा आवाज आला तर कॉइल जळून फुगलीय. भाच्याच्या दोन्ही कॉइल ३.६ निघाल्या, कोनही साफ हलला. वूफर वाचला.

कपॅसिटरचं लवकर आटोपतो. १ फॅरडचा कपॅसिटर १४.४ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ३२ ज्यूल देतो. ५०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढे पुरतात. ढोलाच्या एका ठोक्याला थोडा आधार मिळेल, पण ती वीज परत भरायची अल्टरनेटरनंच. दिवे मिचकत असतील तर आधी अर्थिंग, म्हणजे ॲम्पची पत्र्याला जोडलेली वायर, बघा: पत्र्यावरचा रंग चकचकीत होईपर्यंत घासलाय का, थिंबल (वायरच्या टोकाची कडी) घट्ट आहे का, अर्थची वायर पॉवरच्या वायरएवढी जाड आणि दीड फुटाच्या आत आहे का. मग वायरची जाडी, गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड. ८ गेजच्या ५ मीटर तांब्याच्या वायरमध्ये ६० अँपिअरला ०.६ व्होल्ट पडतात, ४ गेजमध्ये पाव व्होल्ट. त्यानंतर बॅटरीचं वय.

पाचवा आणि सहावा मुद्दा एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलं नाही. कमी पॉवरचा ॲम्प वूफर जाळतो, हे तसंच्या तसं खोटं. ३०० वॅटच्या वूफरला १०० वॅट स्वच्छ दिले तर तो वर्षानुवर्षं वाजतो. जळतो तेव्हा होतं असं: ॲम्प त्याच्या कुवतीपलीकडे पिळला जातो, लाटेची डोकी कापली जातात, आणि पूर्ण कापलेली लाट तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेच्या दुप्पट उष्णता कॉइलमध्ये ओतते. आणि ॲम्प असा पिळला जातो कशानं? गेन फुल्ल ठेवल्यानं, म्हणजे याच मेसेजमधल्या सहाव्या सल्ल्यानं.

गेन हा आवाजाचा खटका नव्हे. डेकमधून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला तो दिलेला असतो. बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, डेक पाऊण आवाजावर, वूफर सोडवलेला, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सूर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टोकांना लावा आणि गेन सावकाश वाढवत न्या. किती व्होल्टला थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट आणि २ ओहम असतील तर ६०० चं वर्गमूळ, २४.५ व्होल्ट. तिथं हात काढायचा.

क्लास डीबद्दल बोलायला फार काही नाही. सुरुवातीच्या काळातले क्लास डी वरच्या सुरांना नीट नव्हते हे खरं. सबवूफरला आपण साधारण ८० हर्ट्झच्या वरचं फारसं काही पाठवत नाही. कमी वीज, कमी उष्णता, लहान आकार. आपल्या लहान गाड्यांच्या अल्टरनेटरवर सबवूफरसाठी तोच घ्यावा.

भाच्यासाठी शेवटी मोनोब्लॉक क्लास डी घेतला. २ ओहमला ३०० वॅट आरएमएस, कागदावर सीटीए-२००६ लिहिलेलं. डब्यावरचा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला म्हणून तो दुकानात जरा नाराज झाला होता. ४ गेजची तांब्याची वायर, पत्र्याच्या भोकाला ग्रोमेट, बॅटरीपासून एका फुटावर ४० अँपिअरचा फ्यूज. गेन २४.५ वर आला तेव्हा खटका निम्म्याच्याही अलीकडे होता. तिथं मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय आणि त्याला सांगितलंय की ठिपक्यापुढं हात न्यायचा नाही. जळालेल्या वायरीचा हातभर तुकडा त्यानं फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकलाय, ज्या ग्रुपवरून त्याला तो मेसेज आला होता. खाली हे उत्तर जोडतोय. ज्यांनी तिसरा मुद्दा आधीच केलाय, त्यांनी आज रात्री गाडी बंद असतानाच बॅटरीजवळचा फ्यूज काढून ठेवावा.