‘गुरूशिवाय चित्रकार’ या फॉरवर्डला एका फ्रेमवाल्याचं उत्तर

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्या सोसायटीचा, जिथे एरवी पाण्याच्या टाकीपलीकडे विषय जात नाही. मजकूर साधारण असा: चित्रकला शिकवता येत नाही. व्हॅन गॉग, राजा रविवर्मा, हुसेन, आरा, यांतला एकही आर्ट स्कूलची पायरी चढला नाही. सूझाला तर मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टने हाकलून दिलं. शिकलेल्यांचा हात मरतो, सगळे एकसारखं काढतात. न शिकलेल्याचं चित्र बघताक्षणी कळतं, त्यात जीव असतो. वारली बायका कुठल्या कॉलेजात गेल्या होत्या? आणि या सगळ्यावर एक चित्र, हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योत झाकणारी बाई. खाली नाव, राजा रविवर्मा.

माझं दादरला फ्रेमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. डिप्लोमावाले येतात, रिटायर झाल्यावर ब्रश धरलेले येतात, आर्किटेक्ट येतात, एक बेस्टचे कंडक्टर येतात. लोक चित्र समोरून बघतात, आम्ही आधी पाठ बघतो. त्या अनुभवावर हे लिहितोय.

चित्रापासूनच सुरुवात करू. ती दिवेवाली बाई रविवर्म्याची नाहीच. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं जलरंगातलं चित्र. 1945-46च्या सुमारास केलेलं, आज म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा धरून तासन्‌तास उभी राहिली ती त्यांची मुलगी. रविवर्मा वारले 1906 साली. आणि हळदणकर कोण? सावंतवाडीहून आलेले, जे.जे.त रीतसर शिकलेले, 1908 साली मुंबईत स्वतःचा चित्रकलेचा वर्ग काढलेले. म्हणजे ‘शिकलेल्यांचा हात मरतो’ हे सांगायला ज्याने चित्र निवडलं, त्याने शिकलेल्या आणि वर शिकवणाऱ्या माणसाचंच उचललं. इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं.

व्हॅन गॉग. 1880च्या हिवाळ्यात ब्रुसेल्सच्या अकादमीत नाव घातलेलं. मग हेगला नात्यातल्या आंतोन मोव्ह या चित्रकाराकडे धडे. 1886च्या सुरुवातीला अँटवर्पची अकादमी, तिथून भांडून बाहेर, आणि पॅरिसला कोरमाँच्या स्टुडिओत. कुठेच टिकला नाही हे खरं, पण पायरी चढला नाही हे खोटं. त्याहून मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. शार्ल बार्ग नावाच्या माणसाने चित्रकलेच्या अभ्यासासाठी छापलेले नमुन्याचे तक्ते होते, ते याने सुरुवातीच्या दिवसांत घोटून घोटून काढले. आणि 1890 साली, मरायच्या काही आठवडे आधी, भावाला पत्र लिहून तेच पुन्हा मागवतोय, परत कॉपी करायला. सदतिसाव्या वर्षी ‘तारांकित रात्र’ काढून झालेला माणूस उजळणीला बसायला तयार होता.

रविवर्म्याचं तर घरच चित्रकारांचं. मामा राजराज वर्मा चित्रं काढत, पहिले धडे त्यांचे. चौदाव्या वर्षी त्रावणकोर दरबारात. 1868 साली तिथे थिओडोर जेन्सन नावाचा गोरा चित्रकार आला. त्याने शिकवलं नाही, पण काम करताना बघू दिलं. ज्याने कुठल्याही कारागिराच्या दुकानात दोन वर्षं काढली आहेत, त्याला हे ‘बघू देणं’ काय चीज असते ते सांगायला नको. आमच्याकडे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापायला मी कुणाला शिकवत नाही. मुलगा शेजारी उभा राहतो. सहा महिन्यांनी कापायला लागतो.

हुसेनचं थोडक्यात. इंदूरच्या चित्रशाळेत देवळालीकर मास्तरांकडे काही काळ शिकले. चित्रकार बेंद्रेही त्याच मास्तरांचे. मग मुंबईत सिनेमाच्या होर्डिंगवर. होर्डिंगच्या कामात फोटोवर चौकटी आखायच्या, त्याच प्रमाणात पत्र्यावर किंवा कापडावर मोठ्या चौकटी आखायच्या, आणि नवखा पोरगा मागची जागा भरतो, चेहरा उस्ताद काढतो. वर्गाला याहून जास्त काय लागतं? फी नसते, पगार असतो, एवढाच फरक.

सूझाला काढलं, बरोबर. पण 1945 साली काढलं, 1940 पासून तिथे शिकल्यावर, आणि कारण ‘चले जाव’ चळवळीतला भाग. चित्र वाईट काढतो म्हणून नव्हे. पाच वर्षांचं जे.जे. त्याच्या रेषेतून कुणी काढून घेतलं नाही. 1947 साली सूझा, हुसेन, आरा वगैरेंनी मिळून काढलेल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले रझा आणि बाकरेही जे.जे.चेच.

खरा पेच आराचा. फॉरवर्डवाल्याच्या यादीत एकच नाव खरोखर त्याच्या बाजूचं आहे, आणि ते हेच. हैदराबाद संस्थानातून लहानपणी पळून मुंबईत आलेला मुलगा, साहेबाच्या घरी नोकर, गाड्या धुणारा, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला. जलरंग आणि गोंदरंग तेलरंगासारखे जाड लावून फुलदाण्या काढायचा, त्यांत असा जोर की समोर उभं राहिलं की मागे सरावंसं वाटतं. याला स्वयंशिक्षित म्हणायला माझी ना नाही. पण त्याचं काम पहिल्यांदा हेरलं ते टाइम्सचे समीक्षक रुडी व्हॉन लायडन यांनी, आणि तेवढ्यावर न थांबता त्याला केतकरांच्या कलावर्गात जायला लावलं. तेव्हा मुंबईत वॉल्टर लँगहॅमर होते, व्हिएन्नाहून आलेले, टाइम्सचे कला संचालक. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमायचे, चित्रं मांडली जायची, फाडलीही जायची, म्हणजे शब्दांनी. 1942 साली आराचं पहिलं प्रदर्शन झालं, 1944 साली गव्हर्नरचं बक्षीस मिळालं. हे सगळं पुसून टाकलं की उरतो तो ‘गाड्या धुणारा प्रतिभावंत’, आणि फॉरवर्डला तेवढाच हवा असतो. पुढे आयुष्यभर आरा मुंबईतल्या आर्टिस्ट्स सेंटर या चित्रकारांच्या संस्थेत नव्या पोरांच्या मागे उभा राहिला. शिकवता येत नाही असं त्याला वाटत असतं तर कशाला राहिला असता?

आता ‘शिकलेले सगळे एकसारखे’. धुरंधर, गायतोंडे, तय्यब मेहता, बरवे. चौघंही जे.जे.चे. धुरंधरांचं लग्नघरातल्या बायकांचं जलरंगचित्र आणि गायतोंडेंचा रोलर फिरवून केलेला, कुणीच नसलेला कॅनव्हास शेजारी टांगा आणि सांगा एकसारखं काय आहे.

पण यात तथ्य नाहीच असं म्हणणार नाही. एक साचा असतो, आणि तो जे.जे.च्याही आधी बसतो, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत. तांब्या, दोन वांगी, मागे घडी पडलेलं कापड. पन्नाशीतल्या माणसाच्या चित्रातही मला ते कापड दिसतं. गंमत अशी की ‘मी कुठे शिकलो नाही हो’ म्हणणाऱ्यांच्या चित्रात ते जास्त दिसतं. कारण महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेला चित्रवेडा पोरगा त्या दोन परीक्षा दिल्याशिवाय सुटलेला नसतो. मघाशी म्हटलं ते कंडक्टर, स्वतःला स्वयंशिक्षित म्हणवतात. इंटरमिजिएटचं बी ग्रेडचं सर्टिफिकेट त्यांनी माझ्याकडेच फ्रेम करून नेलंय.

‘बघताक्षणी कळतं’ हा दावा मी दुकानात तपासून पाहिला. हा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एक काका माझे जुने गिऱ्हाईक. भिंतीला टेकवलेली तीन चित्रं दाखवली, म्हटलं ओळखा. पहिलं, भडक निळ्या-लाल फटकाऱ्यांचं बंदर. काका म्हणाले, हे मनापासूनचं, न शिकलेल्याचं. ते एका कलाशिक्षिकेचं होतं. दुसरं, रेखीव म्हातारा, सुरकुती न्‌ सुरकुती. ‘जे.जे.’ ते आमच्या कंडक्टरांचं. तिसरं न शिकलेल्याचं, हे मात्र बरोबर ओळखलं, पण कारण सांगितलं की ‘हे जरा वाईट आहे’. ते मला लागलं, कारण वाईट अजिबात नव्हतं.

मला स्वतःला कधीकधी ओळखू येतं, पण जीव-बिव बघून नाही. माणसाच्या चित्रात हात कुठे आहेत ते बघा. खिशात, पदराआड, फुलांमागे असतील तर मॉडेल बसवून अभ्यास झालेला नाही, बहुधा. सही कडेला चिकटून असेल तर याचं चित्र आधी कधी फ्रेम झालेलं नाही, कारण फ्रेमची खाच चारी बाजूंनी पाव इंच खाते. एकदा सही खाल्ली गेली की माणूस आपोआप आत सरकतो. त्याला कॉलेज लागत नाही, एक प्रदर्शन लागतं.

आणि पाठ. मागे एका बाईंनी समुद्राचं मोठं चित्र परत आणलं, दोन पावसाळ्यांत लाटा सोलून आल्या होत्या. जुन्या तेलरंगाच्या कॅनव्हासवर वरून ॲक्रिलिक लावलेलं. तेलाच्या चकचकीत थरावर ॲक्रिलिक पकड घेत नाही, वाळून प्लॅस्टिकच्या पापुद्र्यासारखं सुटतं. नखाने धरलं तर पूर्ण लाट हातात आली. बाई रडवेल्या झाल्या. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि व्हिडिओवाल्याने चित्र दोन वर्षांनी कसं दिसतं ते दाखवलं नव्हतं. मात्र हेही लिहायला हवं की अस्तर (रंगाच्या आधी कापडाला द्यायचा थर) न लावलेल्या मांजरपाटावर थेट तेलरंग चोपडून एक डिप्लोमावालाही आला होता. त्याचं कापड तेल पिऊन पिवळं पडलंय, पुढे कडक होऊन तुटणार. त्याला सांगितलेलं असणार. तो त्या दिवशी कॅन्टीनला असेल.

राहिल्या वारली बायका. हा मुद्दा वाचून खरंच राग आला. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सवाशिणींनी लिहायचा, कुठे काय येणार ते ठरलेलं, तांदळाच्या पिठाचा पांढरा, टोकाला चावून केलेली बांबूची काडी. पोरगी मावशीच्या शेजारी बसून हे बघत मोठी होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शिकवणीला तुम्ही ‘न शिकलेलं’ म्हणताय, फक्त तिची मार्कशीट निघत नाही म्हणून. जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी रोज चित्र काढायचा नवा रस्ता धरला, पण काडी आणि त्रिकोणाची माणसं त्यांना त्याच भिंतींवरून मिळाली होती. हे बघायला लांब जायला नको, आरेतल्या पाड्यांपर्यंत जा.

काका परवा पुन्हा आले. सुनेला वास्तुशांतीला द्यायला दिवेवालीचं प्रिंट घेऊन आले होते. खाली ठळक छापलेलं, राजा रविवर्मा. मी काही बोललो नाही, नुसतं बघितलं. काका म्हणाले, “माउंट जरा वर घे रे, नाव झाकलं जाऊ दे.” पाऊण इंच वर घेतला. सही कुठे दिसते का म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ शोधलं. प्रिंटवाल्याने कडा कापली होती.