हाच हिशोब लावला तर सोलापुरी चादरही श्वापदाचीच

सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: ‘जागे व्हा, आधार हीच श्वापदाची खूण!’ श्वापद म्हणजे बायबलच्या शेवटच्या, योहानाच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातली देवाविरुद्धची सत्ता; तिचा आकडा ६६६, आणि तिची खूण नसलेल्याला खरेदी-विक्री करता येणार नाही, असं तिथे लिहिलंय. मेसेजमधले दावे असे. प्रकटीकरणाच्या १३व्या अध्यायातला ६६६ म्हणजे कॉम्प्युटर. उजव्या हातावरची आणि कपाळावरची खूण म्हणजे आधारसाठी दिलेला अंगठा आणि डोळ्यांचं स्कॅन. प्रकटीकरणात आटणार म्हटलेली फरात नदी आटली, म्हणजे शेवट आला. आणि हे दहा जणांना न पाठवणाऱ्याचं नाव जीवनाच्या पुस्तकातून, म्हणजे तारण मिळणाऱ्यांच्या देवाकडच्या यादीतून, खोडलं जाईल.

एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण मेसेज आत्याकडे पोचला आणि तिने रेशनच्या ई-केवायसीला अंगठा द्यायचं साफ नाकारलं. “उपाशी राहीन, पण नाव खोडून घेणार नाही,” म्हणते. चर्चच्या पाळकसाहेबांचंही ऐकेना. म्हणून हे लिहितोय.

आधी ते ६६६. मेसेजवाल्याची युक्ती अशी: इंग्रजी ए म्हणजे ६, बी म्हणजे १२, सी म्हणजे १८, असं सहा-सहाने वाढवत जायचं. ‘कॉम्प्युटर’ची अक्षरं मिळवली की ६६६ येतात. येतात, मी करून पाहिलं. पण मेसेज आधारबद्दल आहे ना? ‘आधार’ची बेरीज येते २०४. ती गुपचूप गिळून टाकली आहे. आता याच रीतीने इंग्रजीत ‘सोलापुरी’ लिहा. एस ११४, ओ ९०, एल ७२, ए ६, पी ९६, यू १२६, आर १०८, आय ५४. करा बेरीज. बरोब्बर ६६६! म्हणजे जीआय मानांकन मिळालेली आपली चादर हीच श्वापदाची खूण, आणि ज्या आत्याने अंगठा द्यायला नकार दिला ती वर्षानुवर्षं रोज रात्री तीच पांघरून झोपते. सहानेच का गुणायचं? तर उत्तर जमावं म्हणून. दुसरं कारण नाही.

अक्षरांना किंमत देण्याची पद्धत त्या काळी होती, हे खरं. पण ती इब्री (हिब्रू) आणि ग्रीक अक्षरांची. इब्रीत ‘नेरोन कैसर’ लिहिलं तर ६६६ भरतात आणि शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६च आहे. म्हणून बरेच अभ्यासक रोमच्या नीरो बादशहाकडे बोट दाखवतात. तेही पटत नसेल तर इरेनियसचं ऐका. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी, म्हणजे चर्चपैकी, एक स्मुर्णा शहराची. तिथला बिशप पॉलिकार्प, आणि लहानपणी त्याला प्रत्यक्ष ऐकलेला हा इरेनियस. इसवी सन १८०च्या सुमारास तो या आकड्यावर लिहितो, दोन-तीन नावं जुळवून दाखवतो आणि मग म्हणतो की ठामपणे कुठलंच नाव घेणार नाही. ते आत्ताच उघड व्हायला हवं असतं तर ज्या योहानाने दर्शन पाहिलं त्यानेच सांगितलं असतं. पहिल्या पिढ्यांच्या इतक्या जवळचा माणूस हात आखडता घेतो, आणि आमचा फॉरवर्डवाला छातीठोक सांगतो!

आता खूण. आधारला दहाही बोटं घेतात, डावा हातही. आणि ते ठसे वाचतात, कपाळावर काही उमटवत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अध्याय १३ संपतो आणि लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याबरोबरच्या, म्हणजे ख्रिस्ताबरोबरच्या, १,४४,००० जणांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. ते कुठल्या केंद्रावर मिळतं? एक खूण मशीन आणि दुसरी भक्ती, असं सोयीने वाचता येत नाही. १४:९ मध्ये खूण आणि श्वापदाची पूजा एकाच दमात येतात. प्रश्न आहे तो कुणापुढे गुडघे टेकता याचा. रेशन दुकानदारापुढे अजून तरी कुणी टेकलेले नाहीत.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. आधारच्या आकड्यावाचून व्यवहार अडतो, ही तक्रार खोटी नाही. उभं आयुष्य विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या बायकांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, आणि दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतायची वेळ येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक खातं आणि सिमकार्डासाठी आधारची सक्ती काढली, सरकारी लाभांसाठी ठेवली. त्यावर भांडायचं तर जरूर भांडा, तहसीलवर मोर्चा काढा, मीही येतो. पण ते भांडण सरकारशी आहे, सैतानाशी नाही.

फरात आटतेय, तर तुर्कस्तान-सीरियातली धरणं आणि दुष्काळ पाहा. १९९० साली अतातुर्क धरण भरायला तुर्कस्तानने महिनाभर पाणी अडवलंच होतं. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली म्हणून आपण हर्मगिदोनची, म्हणजे प्रकटीकरणातल्या शेवटच्या लढाईची, तयारी करत नाही.

राहता राहिली दहा जणांची धमकी. पुस्तकातून नाव खोडण्याची भाषा करणाऱ्याने प्रकटीकरण २२:१८ काढून वाचावं. या वचनांत जो कोणी भर घालील, त्याच्यावर पुस्तकातल्या पीडा येतील, असं तिथे लिहिलंय. दहा जणांना पाठवा, हे योहानाने कुठे लिहिलंय तेवढं मला दाखवा.