कढईला कान असतात

"कढई!"

पार्सल टेबलावर ठेवून मी हात मागे घ्यायच्या आत कोणीतरी ओरडलं. कागद फाडलेला नाही, हलवून पाहिलेलं नाही. दहा फुटांवरून, नुसत्या आकारावरून. सगळं ऑफिस हसलं. ज्याला द्यायची होती तोसुद्धा. आदल्या रात्रीचा दीड तास त्या पॅकिंगमध्ये गेला होता, पण सिक्रेट सांतात, म्हणजे नाताळात चिठ्ठी काढून गुपचूप भेट द्यायच्या ऑफिसच्या खेळात, तोंड उघडायचं नसतं.

चिठ्ठीत टेस्टिंगमधल्या नव्या पोराचं नाव आलं होतं. तो हाताने रांधून खातो, म्हणून तुळशीबागेतून लोखंडी कढई घेतली. मर्यादा ५०० ची, कढई ४७० ची. उरलेल्या तिसातून बोहरी आळीत सांताची तोंडं छापलेला कागद.

आम्ही जूनमध्ये वह्यांना खाकी कव्हरं घालून वाढलेली माणसं. वस्तू चौकोनी असू द्या, डोळे मिटून कोपरे दुमडतो. कढईला कोपरेच नाहीत. कान आहेत. डावा कान झाकला की उजवा सांताचं नाक फोडून बाहेर. कागद दोन बोटं कमी पडला, तिथे गणपतीच्या मखरातला उरलेला सोनेरी तुकडा लावला. चिकटपट्टीचं टोक नखाने शोधून ओढलं, तर ती उभी चिरत सुतासारखी हातात आली.

एवढ्यात वरचे काका मेंटेनन्सची पावती द्यायला आले आणि बसलेच. काका टपाल खात्यातून रिटायर झालेले, तेही पार्सलच्या खिडकीवरून.

"वजन किती?"

"केलं नाही, काका."

"वजन न करता बांधतोस?" त्यांनी कढई तळव्यावर तोलली. "दीड किलो. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे. पत्ता कुठाय?"

"पत्ता नाही. हातातच द्यायचंय."

"मग बांधतोयस कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

"ते लिहायचं नसतं. गुप्त असतं."

काका सरसावून बसले. "म्हणजे बेवारस! असलं पार्सल घेऊन कोणी आलं असतं, तर मी आधी साहेबांना उठवलं असतं, मग पोलिसांना." मग मांजरपाट, दाभण, सुतळी, शिवणीवर लाखेचे ठिपके असं सगळं साग्रसंगीत ऐकवून झालं. ते दाभण आणायला वर निघाले होते, मी दारात आडवा झालो. जाताना म्हणाले, "निदान खोक्यात घाल. आकार दिसला की माल गेला."

खोकं कुठून आणू रात्री अकराला?

मुळात भेटी नक्षीच्या कागदात गुंडाळायचं हे खूळ एका दुकानाचं. १९१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला साधा टिश्यू पेपर संपला. त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीचा फ्रेंच कागद काढला आणि १० सेंटला एक ताव असा विकला. त्यांचा माल संपला आणि शंभर वर्षांनी पुण्यात फरशीवर मांडी घालून माझी कंबर धरली. आपल्याकडे पाकिटाला रुपया चिकटवला की आहेर झाला. त्याला कान नसतात.

बरं, मला काय मिळालं? कॉफीचा मग. आमच्याच कंपनीचं नाव छापलेला, जो दिवाळीत सगळ्यांना फुकट वाटला होता. कॅरीबॅगमध्ये, वर स्टेपलरची एक पिन. त्याला कोणी हसलं नाही. उलट कोणीतरी "सिंपल आणि क्लासी" म्हणालं.

संध्याकाळी जिन्यात काका भेटले.

"पोचलं का?"

"पोचलं."

"वाटेत फुटलं नाही ना?"

"वाटेत नाही. टेबलावर फुटलं."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी खोकं म्हणालो होतो," म्हणाले, आणि वर गेले.